धामणाच्या पाठीवरची गाठ

आमच्या घरात रडणाऱ्याला दोनदा मार बसत असे. पहिला चुकीबद्दल, दुसरा रडण्याबद्दल. त्यामुळे आम्ही दोघं भावंडं, रतनभाऊ आणि मी, न रडायला फार लवकर शिकलो. घर चोपड्याच्या वर, सातपुडा उतरून जिथे शेतांना मिळतो तिथे होतं. पुढे ओटा, मागे ढोरांचा कोठा, आणि मध्ये चूल, जिच्यापाशी माय दिवसभर असायची. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो, सारं गावही आबाच म्हणायचं. त्यांच्या कातडी जोड्यांचा करकर आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की मायचा भाकरी थापायचा हात हळू पडे, रतनभाऊ ओट्यावरून उठे आणि मी हातात येईल ते काम धरी. आबा तसे बोलायचे कमी. त्यांच्या शिक्षा ते शांतपणे योजायचे. रतनभाऊ आठ वर्षांचा असताना त्याच्या हातून एक वासरू पाटात वाहून गेलं. आबांनी त्याला मारलं नाही. कोठ्यात खुंट्याला दाव्याने बांधलं आणि समोर कडबा टाकला. "ढोर सांभाळता येत नही, मंग ढोर बनीसन ऱ्हाय," एवढंच म्हणाले. दिवस मावळेपर्यंत तो तसाच होता. मायने पाणीसुद्धा दिलं नाही, कारण दिलं असतं तर काय झालं असतं ते तिला ठाऊक होतं. पुढे मी आठ वर्षांची झाले तेव्हा रतनभाऊने मला त्याच खुंट्याला बांधलं. माझ्या हातून वासरू गेलं नव्हतं. त्याला नुसतं बघायचं होतं.

सातवीनंतर माझी शाळा बंद झाली. सकाळी उठून माय कळण्याच्या भाकरी थापी, उडदाचं वरण आणि लसूण घालून रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा फडक्यात बांधी, आणि ते डोक्यावर घेऊन मी शेतात जाई. आमचं एक शेत डोंगराच्या अगदी कडेला होतं. तिथे भुईमूग आणि मका, आणि त्यावर रानडुकरं. त्यांच्या राखणीला जामसिंगबाबा होते. वरच्या पाड्यातले पावरा आदिवासी, आमच्याकडे पुष्कळ वर्षं सालदार. वय किती ते त्यांनाही सांगता येत नसे. उजव्या डोळ्याखाली गालावर एक लांब पांढरा वण होता आणि दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा पडू लागला होता. झोपडीच्या आढ्याला त्यांचा कामठा टांगलेला असे. बाहेरचे लोक धनुष्य म्हणतात, आमच्याकडे कामठाच.

जामसिंगबाबा कामठे बनवायचे, पाड्यातल्या लोकांना द्यायचे. पण आता त्यांना दिसत नव्हतं, आणि कामठ्याला सगळ्यात जास्त लागतात ते डोळे. ते काम माझ्याकडे आलं ते असं. एके दिवशी मी भाकरी ठेवून परत निघाले, तर त्यांनी थांबवलं. बाभळीच्या दुबेळक्यात, दोन फांद्यांच्या खाचेत, त्यांनी एका नव्या कामठ्याची मूठ अडकवली होती आणि दोरीला दुसरा दोर बांधून ते खाली ओढत होते. म्हणाले, "दूर जाईसन उभी ऱ्हाय, पोरी. देख, कोणती बाजू आळशी शे?" मी दहा पावलं मागे गेले. वरची बाजू छान कमानीसारखी वाकत होती, खालची मधल्यामध्ये ताठ राहत होती. मी सांगितलं. त्यांनी तिथे अंगठा ठेवला, कोळशाची खूण केली, आणि फुटक्या बाटलीच्या काचेने तेवढ्याच जागी पोटाकडून लाकूड खरवडलं. पुन्हा ओढलं. पुन्हा मी बघितलं. असं दुपार टळेपर्यंत. घरी गेल्यावर उशिराबद्दल मार बसला, पण त्या दिवशी तो मला फारसा लागला नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी तेच शिकले. धामणाचं लाकूड पानगळीच्या दिवसांत तोडायचं, उभं फाडायचं, सावलीत ठेवायचं आणि मग चुलीवरच्या धुरात महिनोन्महिने टांगायचं. विळ्याने आकार काढायचा, पण शेवटचं सगळं काम काचेचं. जी बाजू जास्त वाकते तिला हात लावायचा नाही. जी वाकत नाही तिलाच खरवडायचं, तेही पाच-सात फराटे, की लगेच ओढून बघायचं. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही. कामठ्याला पोट असतं आणि पाठ असते. पोट म्हणजे मारणाऱ्याकडची बाजू, पाठ म्हणजे सावजाकडची. खरवडायचं ते पोट. पाठीवरची रेघ, लाकडाचा तो एकच उभा धागा, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहिला पाहिजे. "पाठ कापानी नही," जामसिंगबाबा सांगत. "पाठ तुटनी तं कामठा धरनाऱ्याले मारस, डुकरले नही." आणि गालावरच्या वणावर बोट ठेवत. वरची बाजू तुटली की ती उलटून तोंडावर येते, हे त्यांनी मला असं दाखवून सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. मला ते माहीत होतं.

माझा पहिला पुरा कामठा तयार झाला तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची असेन. तो माझ्या ताकदीपुरता, हलका. बांबूच्या सालीची दोरी, बोरूचे तीर. पहिले तीर शेपटी हलवत वाकडे जात. मग दोरी बोटभर पिळून आखूड केली, तीर बसवायची जागा जरा वर घेऊन तिथे लाल दोरा गुंडाळला, आणि एका सकाळी तीर सरळ गेला. जामसिंगबाबांना तो दिसला नाही, पण दोरीचा आवाज त्यांनी ऐकला. दोन्ही बाजू सारख्या असल्या की आवाज एकच निघतो, लहान आणि कोरडा. ते म्हणाले, "आते बोलना तो." माझ्या आयुष्यात कुणी माझं केलेलं असं कौतुक ते पहिलंच.

त्या दिवसांत माझी एक बकरी होती, चंदी. तिची आई व्याल्याबरोबर मेली, म्हणून मी तिला फडक्याच्या बोळ्याने दूध पाजून वाढवली. ती माझ्यामागे विहिरीपर्यंत यायची. कामठा मी घरी आणला ती माझी चूक. रतनभाऊने तो कोठ्यातून काढला, ओट्यावर आला, दोरी दोनदा ओढून सोडली. चंदी समोरच्या निंबाखाली पाला खात होती. मी चुलीपाशी होते. मला आधी तो लहान कोरडा आवाज ऐकू आला. बाहेर आले तर तीर तिच्या बरगडीत निम्मा गेलेला. ती पळाली, पण गल्लीकडे नाही. ती माझ्याकडे आली, माझ्या परकरात डोकं घालून उभी राहिली आणि तिचे पाय थरथरत होते.

"सुमे, तुना कामठा झकास शे," रतनभाऊ म्हणाला. "एकच तीर लागना."

आबा ओट्यावर आले. त्यांनी वाकून तीर बघितला. "नेम बराबर शे. आते जीव जावाना पहिले कापा, नहीतं मटन वाया जाई." त्यांनी रतनभाऊच्या पाठीवर हात ठेवला. आबांचा हात त्याच्या पाठीवर मारण्याखेरीज पडलेला मी पहिल्यांदा बघत होते, आणि रतनभाऊच्या तोंडावरही ते दिसत होतं. तो एवढ्यासाठी आणखी दहा बकऱ्या मारू शकला असता.

मायने पाटा माझ्यासमोर सरकवला. "वाट मसाला," म्हणाली, माझ्याकडे न बघता. भाजलेलं खोबरं, कांदा, धणे, काळ्या मिरच्या. मी वाटला. वरवंट्याचा आवाज, बाहेर सुरी घासल्याचा आवाज, आणि मध्येच आबा कुणाला तरी हाक मारून जेवायला बोलावत होते ते. रस्सा तांबडाकाळा झाला, तर्री वर आली. माझ्या ताटात मायने दोन फोडी घातल्या. मी हात लावला नाही. "खाय," आबा म्हणाले, "नहीतं परवापर्यंत उपाशी." मी खाल्लं. आणि ते चांगलं लागलं. मसाला नीट वाटला गेला होता. या वयात, जेव्हा लहानपणच्या बऱ्याच गोष्टी अंधुक झाल्या आहेत, ही एक चव मात्र अजून जिभेवर येते. तिच्यासाठी मी रतनभाऊला कधीच क्षमा केली नाही. स्वतःलाही नाही, पण ती गोष्ट वेगळी.

पुढच्याच आठवड्यात तो मला म्हणाला, "माले मोठा कामठा बनाडी दे. डुकर मारानं शे." त्याची सोयरीक नरडाण्याच्या मुलीशी ठरली होती. होळीनंतर तिकडची माणसं येणार होती, आणि त्यांच्यासमोर मारलेलं डुक्कर ठेवायचं त्याच्या मनात होतं. गावात त्याने आधीच सांगून टाकलं होतं की कामठा तो स्वतः बनवतो आहे, पोरीच्या हातचं हत्यार घेऊन कोण फिरणार. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी हो म्हणाले.

जामसिंगबाबांच्या झोपडीत धुरात धरलेलं एक लाकूड होतं. ते त्यांनी दिलं आणि होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारासाठी वर पाड्यात गेले. होळी होईपर्यंत ते येणार नव्हते. मी एकटीच कामाला बसले. तिसऱ्या दिवशी, पाठीवरची साल काढताना, वरच्या बाजूला मुठीपासून वीतभर अंतरावर मला एक गाठ दिसली. मोहरीच्या दाण्याएवढी. तिच्या कडेने एक रेघ आडवी गेली होती, केसाहून बारीक. नखाने दाबलं की नख अडकत होतं. असं लाकूड चुलीत घालायचं असतं. मी ते मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. मक्यात पोपट ओरडत होते. मग मी काच उचलली आणि काम पुढे चालू केलं.

असं मन लावून मी पुन्हा कधी काही केलं नाही. बाभळीच्या दुबेळक्यात अडकवून ओढायचं, दोर खुंटीला बांधून ठेवायचा, दहा पावलं मागे जायचं, बघायचं, परत यायचं, खरवडायचं. दोन्ही बाजू एकसारख्या वाकेपर्यंत. रतनभाऊचा हात कुठपर्यंत येतो ते मी आधीच मापून ठेवलं होतं. पहिला कामठा त्याला ओढायला लावून तिराच्या काडीवर कोळशाची खूण केली होती. "कितला हुशार माप लेस," तो हसून म्हणाला होता. आता नवा कामठा मी त्या खुणेकडे थोडा थोडा नेत होते. खुणेला तीन बोटं राहिली असताना पाठीतून आवाज आला. टिक्. एकदाच. मी दोर सैल सोडला. त्यापुढे मी तो कधी ओढला नाही. रेघेत लाख वितळवून भरली, अंगठ्याने सपाट केली, वरून काजळी आणि जवसाचं तेल चोळलं. सगळी पाठ काळीशार, चकचकीत झाली. मग दोरी लावून तीर सोडून बघितले, दोरा वरखाली करून तीर सरळ केले. माझा हात आखूड, माझ्या ओढण्याने त्याला काही होत नव्हतं. आवाज पहिल्यापेक्षाही चांगला होता.

मला त्याचा डोळा नको होता, त्याची नुसती फजिती हवी होती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता सांगत नाही.

होळीच्या आदल्या दिवशी पहाटे, कामठा रतनभाऊला दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मक्यात डुकरं घुसली. चार-पाच माणसं डबे वाजवत एका बाजूने हाकायला लागली, रतनभाऊ बांधावर उभा राहिला. आबा त्याच्या मागे, आणि मी भाकरीचं फडकं घेऊन आबांच्या मागे. मोठं डुक्कर मका मोडत बाहेर आलं आणि क्षणभर थांबलं. रतनभाऊने तीर लावला, ओढला. खुणेपाशी आला आणि तिथे थांबला. एवढ्यावर सोडेल, असं मला वाटलं. पण आबा मागून म्हणाले, "अजून ओढ." त्याने ओढलं.

आवाज बंदुकीसारखा झाला. डुक्कर ओढ्याकडे पळालं. रतनभाऊ दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसला, आणि बोटांमधून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं. तो ओरडला नाही. आमच्या घरात वाढलेला होता तो. फक्त म्हणत राहिला, "आबा, माले दखात नही. आबा, माले दखात नही." मी फडकं सोडलं, भाकरी मातीत पडल्या, आणि ते फडकं त्याच्या डोळ्यावर दाबून धरलं. त्याने माझं मनगट घट्ट पकडलं. जळगावपर्यंत टेम्पोत त्याने ते सोडलं नाही.

उजवा डोळा काढावा लागला. डॉक्टरांना आबांनी झाडाची फांदी लागली म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते खाटेजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "स्वतःना हातना कामठा, स्वतःना डोया. दुसरा शे ना? तेवढावर ढोरं राख." रतनभाऊने तोंड भिंतीकडे फिरवलं. कामठा माझा होता हे त्याला सांगता आलं असतं. पण मग तो पोरीच्या हातचं हत्यार घेऊन फिरला होता हेही सांगावं लागलं असतं. तो गप्प राहिला. मीही राहिले. नरडाण्याहून साखरपुड्याचं लुगडं आणि नारळ परत आले. आबा मजुरांसमोर त्याला काण्या म्हणू लागले, आणि काही दिवसांनी मजूरही त्याच्या पाठीमागे म्हणू लागले.

जामसिंगबाबा होळीनंतर खाली आले. मी भाकरी घेऊन गेले तर तुटलेले दोन्ही तुकडे त्यांच्या मांडीवर होते. कुणीतरी बांधावरून आणून दिले असतील. त्यांना दिसत नव्हतं, पण अंगठा तुटलेल्या कडेवरून सावकाश फिरत होता. एका जागी थांबला. नखाने त्यांनी काहीतरी उकरलं, जिभेला लावलं.

"अठे लाख भरेल शे," ते म्हणाले. "कोनी भरी?"

"मी."

"त्याले ठाऊक व्हतं?"

"नही."

ते रागावतील, मारतील अशी मी वाट बघत होते. मार मला समजला असता. चंदीचं सांगावं असंही मनात आलं, पण तोंड उघडलं नाही. त्यांनी तुकडे चुलीत सारले. मग माझी काच, माझा विळा, धुरात टांगलेलं माझ्या वाटचं लाकूड, सगळं चाचपडत गोळा केलं. काच ओढ्यात फेकली. लाकूड चुलीत घातलं. "डुकरले बी आम्ही पहिले हाक देतस," ते म्हणाले, "मंग तीर सोडतस." त्यानंतर त्यांनी माझ्या हातची भाकरी घेतली नाही. मी फडकं झोपडीच्या दारात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी ते तसंच, मुंग्या लागलेलं, उचलून आणायचे. पावसाळ्याआधी ते साल सोडून पाड्यावर गेले. मेल्याचं कळलं ते फार उशिरा.

दोन वर्षांनी माझं लग्न होऊन मी नशिराबादला आले. सासर बरं होतं. तिथे कुणी कुणाला बांधत नसे, आणि सुरुवातीला मला त्याचीच भीती वाटे. रतनभाऊला पुढे एका गरीब घरची मुलगी मिळाली, इंदू. सणाला माहेरी गेले की तिच्या दंडावर, पाठीवर काळेनिळे डाग दिसत. एकदा आंब्याचा रस काढताना मी तिला विचारलं, तर नवऱ्याबद्दल ती हसून म्हणाली, "ताई, त्या एक डोयाना शेतस ना, लोके चिडावतस. राग येस त्यासले." ती पस्तिशीच्या आत वारली. ताप होता असं सांगितलं. असेलही. रतनभाऊ डोळ्यांनी धड असता तरी त्याने बायकोला मारलंच असतं, असं मी मनाशी पुष्कळदा घोळवलं आहे. त्याने माझं समाधान होत नाही. एक डोळा मी घेतला, आणि तो कुणाच्या अंगावर उगवला ते मला इंदूच्या पाठीवर दिसलं होतं.

आता आबा नाहीत, माय नाही. मी मुलाकडे जळगावला असते. गेल्या हिवाळ्यात रतनभाऊच्या राहिलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. त्याचं ऑपरेशन इथेच केलं आणि पंधरा दिवस तो आमच्याकडे होता. एका दुपारी घरात दोघंच होतो. तो गॅलरीत खुर्चीवर, डोळ्यावर काळा चष्मा. मी मेथी निवडत होते. मी सांगून टाकलं. गाठ, रेघ, टिक् असा आवाज, लाख, काजळी. सगळं, क्रमाने. सांगताना हात मेथी निवडतच होते.

तो ऐकत राहिला. मग हसला.

"येडी शे का तू, सुमे? तो कामठा मी बनाडा व्हता. लाकूड मीच आनं जामसिंगकडथीन."

"रतनभाऊ, मी बनवला होता. बाभळीला लावून."

"तू कोठे व्हती? तू भाकरी लई येस. तुले काय समजस कामठामधलं?" त्याच्या आवाजात कुठेही खोटेपणा नव्हता. इतक्या वर्षांत त्याने ते इतक्या लोकांना सांगितलं होतं की त्याला त्याच्या हातातली काचही आठवत होती. कोणत्या बाजूला किती खरवडलं तेही त्याने मला सांगितलं, आणि सगळं चुकीचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आबांनी ओढ म्हनं, म्हनीसन मी जास्त ओढा. मनीच चूक व्हती. तू कसाले अंगवर लेस?"

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. त्याने मान हलवली, जशी लहान मुलाच्या बडबडीवर हलवतात.

"थेंब टाक," तो म्हणाला. "टाइम व्हई गया."

मी हात धुतले, बाटली आणली. त्याने चष्मा काढला, मान मागे टाकली आणि तो एक डोळा, लाल, ओला, माझ्यासमोर पूर्ण उघडा धरला. मी डाव्या हाताने त्याची पापणी वर केली.

"हात हालू देऊ नको," तो म्हणाला.

माझा हात हलला नाही.